कड्यावरचा फोटो: पैसा लेन्सवर घालावा की रोपवर?

पाऊस ओसरून सह्याद्रीतले कातळ वाळले की मला दर आठवड्याला एखादा तरी फोन येतो. "दादा, क्लायंबिंगचे फोटो शार्प येत नाहीत. कुठली लेन्स घेऊ?" विचारणाऱ्याने चाळीस-पन्नास हजार साठवलेले असतात आणि ते घालवायची त्याची तयारी झालेली असते. मी उलट विचारतो, "फोटो काढताना तू कुठे उभा होतास?" उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: "खाली. बिले देणाऱ्याच्या शेजारी." म्हणजे चढणाऱ्याचा रोप जो खालून सांभाळतो त्याच्याजवळ.

खालून काय दिसतं ते आठवून बघा. बुटांचे तळवे, हार्नेसचे पट्टे, पँटचा मागचा भाग आणि वर निमुळतं होत गेलेलं हेल्मेट. चेहरा नाही, बोटं नाहीत, दरी नाही. आता अशा फोटोत फोकस कशावर करायचा? कॅमेऱ्याने बुटावर केला तर तो चुकला असं म्हणता येणार नाही, कारण सगळ्यात जवळचं आणि सगळ्यात स्पष्ट तेच आहे. कड्यावरच्या फोटोत फोकस आणि रचना हे दोन वेगळे प्रश्न नाहीतच. जिथून डोळे दिसतात तिथून फोकस सापडतो आणि जिथून डोळे दिसतात तिथूनच बहुधा दरीही दिसते. म्हणून पैसा आधी उभं राहायच्या जागेवर घालवावा आणि लेन्सवर नंतर. हे मी अनेकांना तोंडी सांगत आलो आहे, इथे आकड्यांसकट लिहितो.

पुढचे आकडे पुण्या-मुंबईच्या बाजारातले आणि ढोबळ आहेत. यातला बराच माल बाहेरून येतो, त्यामुळे डॉलर हलला की किंमत हलते आणि दिवाळीच्या सेलला थोडी उतरते. खरेदीच्या दिवशी दोन दुकानांत विचारायचंच. पण कुठल्या गोष्टीला किती वाटा द्यावा हे गणित फारसं बदलत नाही.

आधी बिनपैशाचं काम

कॅमेरा कुठल्याही कंपनीचा असो, नवा हातात येतो तेव्हा फोकसचा बिंदू तो स्वतःच निवडतो. त्याचा ओढा जवळच्या आणि काळा-पांढरा भेद जास्त असलेल्या वस्तूकडे. आपल्या बेसॉल्टवर अशा वस्तूंची रेलचेल असते. काळ्या कातळावर दगडफुलाचे पांढरट ठिपके, मधूनच लोंबणारा रोप, कडेला वाळक्या कारवीची काडी. हेल्मेटच्या सावलीतला घामेजलेला सावळा चेहरा यांच्यापुढे मागे पडतो. नव्या मिररलेस कॅमेऱ्यांत डोळा ओळखणारा फोकस असतो आणि तो उत्तम चालतो, पण क्लायंबर पायाखालचा होल्ड बघायला मान खाली घालतो तेव्हा डोळा जातो आणि फोकस पुन्हा खडकावर उडी मारतो.

उपाय फुकट आहे. फोकसचा एकच बिंदू निवडा आणि तो हेल्मेटच्या कडेखाली, चेहऱ्यावर ठेवा. सतत फोकस करणारा मोड लावा. फोकसचं काम शटरच्या बटणावरून काढून मागच्या बटणाला द्या, म्हणजे अंगठा उचलला की फोकस आहे तिथे थांबतो आणि मधे रोप आला तरी हलत नाही. सवय व्हायला दोन रविवार लागतात.

आणखी एक सवय मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली. चढाईआधी लीडरला, म्हणजे सगळ्यात पुढे चढणाऱ्याला विचारायचं, "अवघड मूव्ह कुठली? तिथे कुठला हात आधी जाणार?" क्लायंबर रूट डोक्यात घेऊनच चढत असतो, तो लगेच बोट दाखवतो: त्या भेगेच्या वर, पांढऱ्या डागाशेजारी, डावा हात. त्या होल्डवर आधीच फोकस लावायचा, लेन्स मॅन्युअलवर टाकायची आणि वाट बघायची. चेहरा होल्डच्या उंचीला येईल तेव्हाच शटर. धावत्या खेळाडूमागे फोकस पळवावा लागतो. क्लायंबर मात्र तुम्हाला आधी सांगून त्या जागी येतो. या सोयीचा फायदा फार थोडे लोक घेतात.

आता अॅपर्चर. नवख्यांचे पैसे इथेच सगळ्यात जास्त वाया जातात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. क्रॉप सेन्सरचा कॅमेरा, ५० मिलिमीटरची लेन्स आणि क्लायंबर तुमच्यापासून तीन मीटरवर, असं धरू. अॅपर्चर एफ १.८ ठेवलं तर पुढून मागे मिळून जेमतेम २६ सेंटिमीटरचा पट्टा शार्प येतो. खांद्यापासून बोटांपर्यंत माणसाचा हात सत्तर-पंच्याहत्तर सेंटिमीटर भरतो. हात तुमच्या दिशेने वर आलेला असेल तर बोटं शार्प येतील किंवा डोळे, दोन्ही नाहीत. तेच एफ ५.६ ला पट्टा ८० सेंटिमीटरच्या आसपास जातो. खडूने पांढरी झालेली बोटं आणि त्यामागचे डोळे दोन्ही त्यात बसतात.

५० मिलिमीटर, एफ १.८ ची साधी लेन्स दहा हजारांच्या आसपास मिळते. त्याच फोकल लेंग्थची एफ १.२ ची व्यावसायिक लेन्स लाखाच्या पुढे जाते. लग्नात किंवा पोर्ट्रेटला तिचं मोल असेल. कड्यावर मात्र दोन्ही ५.६ वरच लावायच्या, मग वरचे नव्वद हजार कशासाठी? कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ ची किट लेन्स लोक कपाटात टाकून देतात. ती १८ वर ठेवा, एफ ८ लावा, फोकस दोन मीटरवर ठेवून मॅन्युअल करा. एक मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. वरून, दरीसकट फोटो काढायचा असेल तर यापेक्षा भरवशाची जुळणी मला माहीत नाही.

शटर चढाईला १/५०० आणि लीड फॉल, म्हणजे लीडरचं पडणं, टिपायचा असेल तर १/१००० च्या वर. त्यासाठी आयएसओ ८०० किंवा १६०० करावा लागला तर करा. दाणे आलेला फोटो छापता येतो, हललेला येत नाही. आणि दुपारी बारानंतर तापलेल्या कातळासमोर टेलिफोटो लावून फोटो मऊ आले तर लेन्सला दोष देऊ नका. काळ्या खडकावरून उठणारी गरम हवा चित्र थरथरवते, ते कुठलीही लेन्स दुरुस्त करत नाही. सकाळी नऊच्या आत या.

रायलिंगवरची सकाळ: अडीच हजारांचं गणित

रोपला हात न लावता चांगल्या जागी उभं राहता येईल अशी एक जागा सांगतो. रायगड आणि तोरणा यांच्या मधे लिंगाण्याचा सुळका आहे. त्याच्या पूर्वेला, घाटमाथ्यावर, रायलिंगचं पठार. मोहरी गावातून तिथे चालत जाता येतं. क्लायंबर बोराट्याच्या नाळेने खिंडीत उतरतात आणि तिथून लिंगाणा चढतात, म्हणजे चढाई तुमच्या समोर, जवळजवळ डोळ्यांच्या पातळीला होते. हिवाळ्यात सूर्य तुमच्या पाठीमागून येतो आणि सकाळचे पहिले दोन-अडीच तास चढाईच्या बाजूवर सरळ ऊन पडतं.

तिथे लागते ती लांब लेन्स, पण महागडी नाही. माणूस समजा ४०० मीटरवर आहे आणि क्रॉप सेन्सरवर २०० मिलिमीटर लावलंय. फ्रेमच्या रुंदीत सुमारे ४५ मीटर कडा येतो. माणूस त्याच्या पंचविसाव्या हिश्शाएवढा दिसतो. लोक इथे खट्टू होतात आणि ६०० मिलिमीटरचं भाडं विचारू लागतात. मी म्हणतो, हाच तर फोटो आहे. एवढ्या मोठ्या कातळावर तांदळाच्या दाण्याएवढी लाल हेल्मेटं, एका रेषेत तीन. ती शोधायला बघणाऱ्याची नजर फिरते आणि सुळक्याची उंची तिला कळते. माणूस मोठा केला की सुळका फ्रेमबाहेर जातो आणि फोटो कुठल्याही टेकडीवरचा वाटतो.

फक्त तो दाणा कुठे ठेवायचा याचा विचार करा. काळ्या कातळाच्या मधोमध तो हरवतो. सुळक्याच्या कडेला, जिथे मागे कोकणातलं निळसर धुकं दिसतं, तिथे क्लायंबर आला की त्याची आकृती सुटी होते. त्या दोन-तीन मिनिटांसाठी तासभर थांबायची तयारी हवी. फोकस एकदा सुळक्यावर नीट लावून मॅन्युअल केला की एवढ्या अंतरावर तो पुन्हा हलवावा लागत नाही. हात मोकळे, डोळे मोकळे.

खर्च: ५५-२५० किंवा ७०-३०० अशी साधी लेन्स भाड्याने दिवसाला चार-सहाशे, दोन दिवसांचे हजाराच्या आसपास. मोनोपॉड दोनशे. पुण्याहून वेल्ह्यावरून मोहरीपर्यंत चौघांत गाडी केली तर माणशी सहाशे-आठशे. गावात दोन वेळचं जेवण आणि चहा चारशे. अडीच हजारांत शनिवार-रविवार बसतो. हीच लेन्स वापरलेली विकत घेतली तर आठ ते बारा हजार, म्हणजे मोसमात सात-आठ वेळा जाणाऱ्याने विकत घ्यावी, दोनदा जाणाऱ्याने भाड्याने.

भाड्याच्या लेन्सची काउंटरवर तपासणी

मोठी ७०-२०० एफ २.८ दिवसाला हजार ते दीड हजारांत मिळते, वर डिपॉझिट किंवा ओळखपत्राची प्रत. एकदा शुक्रवारी संध्याकाळी मी अशी लेन्स घाईत घेतली आणि सोमवारी परत केली, तेव्हा दुकानदाराने पुढच्या काचेवर बारीक चरा दाखवून डिपॉझिटमधले तीन हजार कापले. चरा आधीचा होता की माझा, हे सिद्ध करायला माझ्याकडे काहीच नव्हतं. तेव्हापासून मी लेन्स हातात घेतल्यावर, दुकानातच, मोबाइलवर एक मिनिटाचा व्हिडिओ काढतो. पुढची काच, मागची काच, माउंटची धातूची कडी, सिरियल नंबर. दुकानदाराला सांगूनच काढायचा, चांगला दुकानदार कधी हरकत घेत नाही.

मग फोकस तपासायचा. काउंटरवर वर्तमानपत्र तिरकं ठेवा, मधल्या एका ओळीवर फोकस करून सगळ्यात मोठ्या अॅपर्चरला फोटो काढा आणि मागच्या पडद्यावर मोठा करून बघा. ज्या ओळीवर फोकस केला तीच शार्प हवी. पुढची किंवा मागची ओळ शार्प आली तर ती लेन्स तुमच्या डीएसएलआरशी जुळत नाही. मधल्या श्रेणीच्या काही कॅमेऱ्यांत ही चूक मेनूमधून दुरुस्त करता येते, ती सोय नसेल तर दुसरी लेन्स मागा. शुक्रवारची संध्याकाळ ते सोमवारची सकाळ हे किती दिवस धरणार, तेही पावतीवर लिहून घ्या. कोणी दोन धरतं, कोणी तीन.

रोपवर जायचं असेल तर

खरी जागा रोपवर आहे. क्लायंबरच्या तीन-चार मीटर वर आणि रूटपासून हातभर बाजूला लटकून खाली बघितलं की सगळं एका फ्रेममध्ये येतं: वर पोचलेली बोटं, त्यामागे डोळे, खाली सरळ जाणारा रोप आणि तळाशी बिले देणाऱ्याचं इवलंसं हेल्मेट. वानरलिंगीच्या सुळक्यावर पहिल्यांदा असा लटकलो तेव्हा मित्राच्या कपाळावरून घामाचा थेंब नाकाच्या शेंड्यापर्यंत येऊन थांबलेला मला व्ह्यूफाइंडरमधून दिसला. त्याचा उजवा हात खडूच्या पिशवीत होता, डावी बोटं कातळाच्या अर्ध्या इंचाच्या धारेवर, नखं पांढरी पडलेली. एफ ५.६, किट लेन्स ३५ वर. तो फोटो आजही माझ्या भिंतीवर आहे. त्याच दिवशी खालून काढलेले साठ फोटो मी कधीच पुसून टाकले.

या जागेची किंमत अशी. ६० मीटर स्टॅटिक रोप सात ते दहा हजार. हार्नेस चार ते सात. हेल्मेट साडेतीन ते सहा. रोपवरून उतरायचा, स्वतःहून अडकणारा डिसेंडर नऊ ते बारा. रोपवर चढायचे जुमार पाच ते आठ. स्लिंग आणि पाच-सहा लॉकिंग कॅराबिनर सहा ते आठ. बेरीज पस्तीस ते पन्नास हजार. म्हणजे फोन करणाऱ्याच्या खिशात असतात तेवढेच.

पण हे सामान विकत घेण्याआधी शिक्षण. मुंबईची गिरिविहार १९५४ पासून आहे, पुण्यात गिरिप्रेमीसारख्या संस्था आहेत, नाशिक-ठाण्यातही जुने क्लब आहेत. अशा संस्थांच्या दोन-तीन दिवसांच्या प्राथमिक शिबिराला अडीच ते पाच हजार लागतात. शिबिर झाल्यावर वर्षभर क्लबबरोबर जा, क्लबचं सामान वापरा आणि जुमारवर चढणं, मधेच थांबणं, हात मोकळे ठेवून लटकणं हे जमिनीपासून दहा फुटांवर शंभर वेळा करा. कॅमेरा गळ्यात घालायचा तो त्यानंतर.

खरेदी करताना वस्तूवर कोरलेला किंवा लेबलवर छापलेला मानक क्रमांक बघा. स्टॅटिक रोपवर ईएन १८९१, लीडसाठीच्या डायनॅमिक रोपवर ईएन ८९२, हार्नेसवर ईएन १२२७७, हेल्मेटवर ईएन १२४९२, कॅराबिनरवर ईएन १२२७५. बांधकामावरचं पिवळं हेल्मेट तीनशे रुपयांत मिळतं, ते यात बसत नाही. स्टॅटिक रोप लटकण्यासाठी आहे, त्यावर लीड करायचं नाही. तो फारसा ताणला जात नाही, त्यामुळे पडण्याचा जवळजवळ सगळा झटका शरीराला आणि अँकरला बसतो.

कॅमेरा वापरलेला घ्या, लेन्स वापरलेली घ्या, पण रोप आणि हार्नेस कधीही वापरलेले घेऊ नका. त्यांनी किती फॉल झेलले, गाडीच्या डिकीत बॅटरीच्या अॅसिडशेजारी ते किती दिवस पडून होते, हे डोळ्यांनी दिसत नाही. न वापरतासुद्धा असल्या कापडी सामानाचं आयुष्य बहुतेक उत्पादक दहा वर्षांच्या आसपास धरतात. नव्या मालावरही उत्पादनाची तारीख वाचा. दुकानात चार वर्षं पडलेला रोप पूर्ण किमतीला घेण्यात अर्थ नाही.

फोटोग्राफरचा अँकर वेगळा, रोप वेगळा. चढणाऱ्यांच्या अँकरवर आपलं वजन टाकायचं नाही. आपला अँकर आणि रोप लावून देणारा अनुभवी माणूस ओळखीत नसेल तर त्याचं दिवसाचं मानधन दोन-तीन हजार आणि प्रवास-जेवण धरा. पूर्ण बजेटमध्ये हा खर्च मला सगळ्यात रास्त वाटतो. तुम्ही व्ह्यूफाइंडरमध्ये डोळा घालून बसलेले असता तेव्हा अँकरकडे बघणारा दुसरा डोळा हवाच. वर लटकताना आग्या मोहोळाची पोळी कुठे आहेत हे चढणाऱ्यांना आणि गावकऱ्यांना आधी विचारा. उग्र सेंट लावून जाऊ नका, पोळ्याजवळ फ्लॅश मारू नका. ड्रोन उडवायचं मनात असेल तर हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा हा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो हे लक्षात घ्या. तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय ड्रोन काढूच नये.

फ्रेममध्ये काय असावं

१९८६ साली हाइन्झ झाक यांनी अमेरिकेतल्या योसेमिटीमध्ये वोल्फगांग ग्युलिश यांचा एक फोटो काढला. सेपरेट रिअॅलिटी या आडव्या छताखालच्या भेगेत ते रोपशिवाय लटकलेत आणि खाली दरी उघडी पडली आहे. क्लायंबिंगच्या जगात हा फोटो अजून दाखवला जातो. त्यात माणूस आहे, तो ज्याला धरून आहे ती भेग आहे आणि सुटला तर कुठे जाईल ती जागा आहे. कड्यावरचा कुठलाही फोटो तपासताना मी याच तीन गोष्टी शोधतो. दोन असतील तरी चालतं. एकच असेल तर तो आठवणीसाठी ठेवायचा.

चढणाऱ्याच्या पुढे, म्हणजे तो ज्या दिशेला हात टाकणार तिकडे, जागा मोकळी सोडा. मनगटावर किंवा घोट्यावर फ्रेम कापू नका, या खेळात काम तिथेच चाललेलं असतं. आणि कॅमेरा तिरका धरून साठ अंशांचा उतार उभा कडा म्हणून दाखवू नका. मोकळा लोंबणारा रोप म्हणजे गवंड्याचा ओळंबा असतो. बाजूने काढलेल्या फोटोत तो तिरका लोंबताना दिसला की जाणकार लगेच ओळखतो आणि पुढचे खरे फोटोही संशयाने बघतो.

रंगाचा खर्च तीनशे रुपये. क्लायंबरला काळा किंवा राखाडी टी-शर्ट घालू देऊ नका, बेसॉल्टवर तो विरघळतो. भगवा, पिवळा, लाल. बदामीच्या तांबूस वालुकाश्मावर जाणार असाल तर उलट निळा किंवा हिरवा. काळा कातळ बघून कॅमेरा फोटो गरजेपेक्षा उजळ करतो आणि चेहरा पांढरा पडतो, म्हणून एक्स्पोजर पाऊण-एक स्टॉप खाली ठेवा. कोकणकड्यासारखी पश्चिमेकडे तोंड असलेली भिंत असेल तर दुपारी तीननंतरच बॅग उघडा.

वापरलेला कॅमेरा आणि बुरशी

पाच-सात वर्षं जुना, मधल्या श्रेणीचा डीएसएलआर तीस-चाळीस हजारांत मिळतो आणि कड्यासाठी पुरतो. आपल्या हवेत घेताना एक तपासणी चुकवायची नाही. लेन्सची दोन्ही झाकणं काढा, अॅपर्चर उघडा, मोबाइलचा टॉर्च मागून मारा आणि पुढून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी. मुंबई-कोकणातल्या दोन पावसाळ्यांत ती सहज धरते. साफ करायला दीड ते तीन हजार लागतात आणि काचेवरचा लेप खाल्ला गेला असेल तर पैसे देऊनही ती पूर्ण जात नाही. स्वतःच्या सामानासाठी हवाबंद डबा आणि सिलिका जेल, पाचशे रुपये. ड्राय कॅबिनेट सहा-सात हजारांपासून पुढे, तीन-चार लेन्स झाल्यावरच घ्या.

दोनशे-तीनशेची यूव्ही काच टेलिफोटोवर लावू नका, शार्पनेस तिथेच जातो. तेच पैसे लेन्स हूडवर घाला. कॅमेऱ्याला आणि मोबाइलला मिळून दोन टेदर, म्हणजे पडू नयेत म्हणून बांधायच्या दोऱ्या, चारशे-पाचशे रुपये, आणि ते हार्नेसला अडकवलेले हवेत. वरून सुटलेली लेन्सची टोपीसुद्धा खालच्या माणसाच्या चेहऱ्यावर येते, म्हणून टोपी वर न्यायचीच नाही.

मोबाइलवाल्यांनी निराश व्हायचं कारण नाही. छोट्या सेन्सरमुळे त्यात पुढचं-मागचं बहुतेक शार्पच येतं. फक्त झूमसाठी बोटं ताणू नका. वरच्या लेजवरून, साध्या १एक्सवर, जवळ येणारा क्लायंबर टिपा.

बिल आणि तक्रार

कॅमेरा आणि लेन्सवर १८ टक्के जीएसटी आहे. "बिल नको, पाच हजार कमी करतो" असं कोणी म्हणालं की तो माल बहुधा भारतातल्या अधिकृत वितरकाकडून आलेला नसतो आणि कंपनीचं सर्व्हिस सेंटर वॉरंटीत हात लावत नाही. खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपी छापलेली हवी, बिलावर सिरियल नंबर हवा. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे सुटलं नाही तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही आणि वकील लावायची सक्तीही नाही. रोपवर जाणाऱ्याचा अपघात विमा असेल तर त्यात गिर्यारोहण वगळलंय का हे लेखी विचारून घ्या, बऱ्याच पॉलिसींत ते वगळलेलं असतं.

यंदा पहिल्यांदाच सुरुवात करणाऱ्याने माझ्या मते खर्च असा करावा: शिबिराला चार हजार, रायलिंगच्या दोन फेऱ्यांना पाच, टेदर-हूड-सिलिका जेल-टी-शर्ट मिळून दीड. साडेदहा हजार झाले. उरलेले बँकेत राहू देत. वर्षभर क्लबच्या रोपवर लटकून झाल्यावरही हे करायचंच असं वाटलं, तर पुढच्या ऑक्टोबरात स्वतःचा हार्नेस आणि हेल्मेट. नवी बॉडी यादीत सगळ्यात शेवटी.

आणि ७०-२०० भाड्याने हवी असेल तर आजच फोन करून ठेवा. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते आणि डिसेंबरच्या प्रत्येक शनिवार-रविवारी शहरातल्या सगळ्या ७०-२०० कार्यालयांत असतात.